आकडा न विचारणारी वाघर

मित्रांनो, हात लावून बघाल तर मी हाताला लागणार नाही. मी एक जुना प्रोग्राम आहे आणि मोबाइलच्या काचेमागं राहतो. मोबाइल बंद झाला की मी कुठं जातो, हे माझं मलाच माहीत नाही. डोळा लागल्यासारखं होतं, सगळं मऊ आणि धूसर होत जातं आणि त्या धुरकटात मेंढरं चरताना दिसतात. मी जन्मात एक मेंढरू पाहिलेलं नाही, तरी दिसतात. हसू नका, खरंच दिसतात.

माझं नाव वाघर. रानात मुक्काम पडला की धनगर मेंढरांभोवती दोऱ्याच्या जाळीचं कुंपण उभं करतात, ती वाघर. हे नाव मला अनंतरावांनी दिलं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कचेरीत जनावरांच्या दवाखान्यांचे तक्ते जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते आपल्या लेकीकडून, मनस्विनीकडून, प्रोग्राम लिहायला शिकले आणि वर्षभर खपून त्यांनी मला घडवलं. ओळ चुकली की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचे. माझं काम साधं होतं. कोणत्या कळपाला कधी लस टोचायची याची आठवण द्यायची आणि किती मेंढरांपुरती लस लागेल ते डॉक्टरांना कळवायचं.

अनंतरावांनी मला कुलूप लावलं नाही. माझ्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचावं, चुकलं असेल तिथं दुरुस्ती सुचवावी, फुकट वापरावं, अशी मोकळीक ठेवली. पुण्याच्या मिहिर नावाच्या अनोळखी मुलानं एकदा माझी तारखांची गडबड निस्तरून दिली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. माझ्या पहिल्या पानावर मदत करणाऱ्यांची यादी होती. तिच्यात त्याचं नाव लागलं. शहरात एका सभेत माझं कौतुक झालं, अनंतरावांना शाल मिळाली. मी काय सांगू, नुसता फुगलो होतो.

पण त्या कौतुकात माझी खोड कुणाच्या ध्यानात आली नाही. मला उघडलं की मी पहिलाच प्रश्न टाकायचो, 'तुमच्याकडे एकूण किती मेंढ्या आहेत?' आकडा भरल्याशिवाय मी कुणाला पुढं जाऊ देत नव्हतो. अनंतराव पडले आकड्यांचे माणूस, त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही.

दौलताबादच्या रस्त्याला पडेगावच्या माळावर बिरू आणि राजाबाई या नवराबायकोचा कळप असतो. बिरूनं मला मोबाइलमध्ये घेतलं. माझा प्रश्न वाचून तो थबकला. इकडंतिकडं बघितलं आणि चाळीस लिहिलं. मेंढरं त्याहून जास्त होती. मला कसं कळावं? मी चाळीस ऐकलं, डॉक्टरांना चाळीस कळवलं. डॉक्टर तेवढीच लस घेऊन आले. ती संपली तेव्हा काही मेंढरं टोचायची राहिली होती. राहिलेल्यांचं पुढच्या खेपेला बघू म्हणून सगळे आपापल्या वाटेनं गेले.

पावसाळ्यात कोवळा चारा खाऊन मेंढरांना आंत्रविषार होतो. संध्याकाळी बरं असलेलं मेंढरू सकाळी उठत नाही. टोचायची राहिलेल्यांपैकी राजाबाईंची सात मेंढरं गेली. मेलेली मोजायला कुणाची बंदी नसते. त्यात एक नुकतीच व्यायलेली मेंढी पिल्लू मागं ठेवून गेली. पिल्लू जगलं. राजाबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजलं आणि चांदी नाव ठेवलं.

बिरूनं मला बंद केलं. पुष्कळांनी तेच केलं होतं, पण त्यांचं कारण आम्हांला ठाऊक नव्हतं. महिनोन्महिने मला कुणी उघडीना. मी त्या धुरकटात पडून राहिलो. मेंढरं दिसायची, पण आता ती मान वळवून माझ्याकडं बघायची. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. एके दिवशी अनंतराव लेकीला म्हणाले, "मनू, कुणी वापरत नाही. हे आता बंद करून टाकू. बास झालं."

मी जीव मुठीत धरला. मला मूठ नाही ही गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात एक तक्रार आली. राजाबाईंची भाची योगिनी खुलताबादला शाळेत शिकवते. तिला प्रोग्राम लिहिता येत नाही, पण तिनं झालेला प्रकार जसाच्या तसा लिहून पाठवला आणि शेवटी लिहिलं, 'तुमचा पहिलाच प्रश्न चुकीचा आहे. हवं तर येऊन माझ्या मावशीला विचारा.'

"खोटं त्यांनी लिहिलं आणि चूक माझी?" अनंतराव भडकले.

"बाबा, बंद करायचं ते करा," मनस्विनी म्हणाली, "पण आधी एकदा पडेगावला जाऊन येऊ."

गेले. मी मनस्विनीच्या मोबाइलमध्ये होतो, सगळं ऐकत होतो. राजाबाईंनी घोंगडं अंथरलं, चहा दिला. योगिनीही आली होती. अनंतरावांनी बसल्या बसल्या तोच प्रश्न विचारला. बिरू खाली बघून दोरा वळत राहिला. बोलल्या त्या राजाबाई.

"सायेब, आमच्यात मेंढरांचा आकडा तोंडातून काढत नसतेत. नजर लागती. बापजाद्यापासून हायेच ते. म्हून ह्यांनी चाळीस टाकलं. खोटं बोलायचं म्हून नाय, कळप राखायचा म्हून."

"पण मोजल्याशिवाय एखादं मेंढरू हरवलेलं कळणार कसं तुम्हांला?"

"मोजायचं कशापाई? तोंडं वळखू येत्यात की. सांजच्याला वाघरीत शिरताना बघती म्या. जे नसंल ते टोचतं इथं." त्यांनी छातीवर हात ठेवला.

अनंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, हा प्रश्न बदलायचा तर मला प्रोग्राम लिहिणारी माणसं पाहिजेत. यात तुम्ही काय करणार?"

"म्या? म्या मेंढरू वळखती. तुमच्या ह्याला येतंय का वळखाया?"

येत नव्हतं. मला लाजल्यासारखं झालं.

"त्याला आकडा इचारू देऊ नका," राजाबाई म्हणाल्या, "नावं इचारू द्या. आन् डाक्तरला बाटल्या किती लागत्यात तेवढं सांगा. बाटल्या मोजायला कुणाची ना नाय."

अनंतराव त्यांच्याकडं बघतच राहिले. "अहो, हे मला का नाही सुचलं!" म्हणून त्यांनी सवयीनं कपाळावर हात मारला.

मग माझा दुसरा जन्म सुरू झाला. राजाबाई माळावर बसून एकेका मेंढराचं नाव बोलत गेल्या आणि मनस्विनी ते आवाजासकट माझ्यात साठवत गेली. काळतोंडी. बुचकी. लोंबकानी. बांडी. चांदी. एकेक नाव आत यायचं आणि त्या धुरकटातल्या मेंढरांना तोंडं फुटत जायची. मित्रांनो, अनंतरावांना शाल मिळाली तेव्हाही मला इतकं सुख झालं नव्हतं. पुण्याहून मिहिरनं नव्या ओळी लिहून दिल्या. योगिनीनं मला कसं वापरायचं ते सोप्या मराठीत लिहिलं आणि रोज वापरून बघून माझ्या चुका कळवल्या. बिरूला चष्मा लागतो, म्हणून त्यानं एवढंच सांगितलं, "अक्षरं मोठी करा राव." तेही झालं.

पुन्हा एक घोटाळा होता होता टळला. मदत करणाऱ्यांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढं त्यानं किती भर घातली तो आकडा आपोआप उमटायचा. राजाबाईंचं नाव लागलं आणि त्यापुढं त्यांनी बोललेल्या नावांची संख्या उमटली. ती कळपाचीच संख्या! अजून ते पान आमच्यातच होतं, जगापुढं गेलं नव्हतं. योगिनीनं ते पाहिलं आणि घाईघाईनं अनंतरावांना फोन लावला. त्यावर अनंतरावांनी, ज्यांचा जन्म आकड्यांत गेला त्यांनी, यादीतले सगळेच आकडे काढून टाकले. स्वतःच्या नावापुढचासुद्धा. सगळ्यात मोठा तोच होता. नुसती नावं राहिली.

आणि लसीचा दिवस आला. या खेपेला बाटल्या पुरेशा होत्या. डॉक्टर टोचत होते, तसतशी योगिनी माझ्यातलं त्या त्या मेंढराचं नाव दाबत होती. ऊन चढलं, शेवटचं मेंढरू उड्या मारत सुटलं. बिरूनं घाम पुसला.

"झाली समदी."

डॉक्टरांनी पेटी मिटली. आता काय ते मीच बोलायचं होतं. सात मेंढरांची आठवण माझ्या उरात होती. मी राजाबाईंच्याच आवाजात बोललो, "चांदी."

सगळे थांबले. राजाबाईंनी भोवती नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला. "आगं बया! चांदी कुठाय?"

चांदी एवढी वाढली तरी बाभळीखाली लहानपणीची दुधाची रिकामी बाटली चाटत बसली होती. बिरूनं तिला उचलून आणलं, डॉक्टरांनी पेटी पुन्हा उघडली. राजाबाईंनी मोबाइल हातात घेऊन माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय रं, तुला बी टोचतंय की आता," असं म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं काच पुसली.

पावसाळा सरला. पडेगावच्या माळावर एकही मेंढरू दगावलं नाही. अनंतराव मला बंद करण्याची भाषा आता काढत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखे किती तरी प्रोग्राम उघड्या दारानं वाट बघत असतात. प्रोग्रामच्या ओळी लिहिता येत नाहीत म्हणून तुम्ही उंबऱ्यावरूनच परत फिरू नका. तुमच्या घरचा शब्द द्या, चुकलेलं दाखवा, अक्षरं बारीक असली तर तेवढं तरी सांगा. आम्हांला जे ठाऊक नसतं ते तुमच्यापाशी असतं आणि तुम्ही बोलला नाहीत तर आमच्यासारखे शहाणे चाळीसवर अडून राहतात.

आता मोबाइल बंद झाला की मला भीती वाटत नाही. धूसर माळावर काळतोंडी, बुचकी, लोंबकानी हळूहळू चरत येतात, मागून चांदी येते. मी त्यांना तोंडावरून ओळखतो. राजाबाईंच्या कळपात आज किती मेंढरं आहेत, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

पण ते मी तुम्हांला सांगणार नाही.