दुसऱ्याच्या चुका

छापखान्यात बावीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या त्या बाईंना सगळे कानामात्राबाई म्हणत. नाव पडलं होतं चिडवायला, पण पुढे त्यांनाच ते आवडू लागलं. पाठ्यपुस्तक असो नाहीतर औषधाच्या खोक्यावरची चिठ्ठी, चुकीची वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटली असं कधी झालं नाही. घरी नवऱ्याने सामानाच्या यादीत 'साबन' लिहिलं, तर लाल पेनाने त्याचं 'साबण' करून मगच त्या पिशवी हातात देत.

छापखाना बंद पडला आणि बाई घरी बसल्या. चार महिने त्यांनी डबे घासले, कपाटं आवरली, नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी भाचीला दया आली. तिने एका रविवारी येऊन लेखनाची कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर मावशीचं खातं उघडलं.

"म्हणजे करायचं काय नेमकं?" बाईंनी विचारलं.

"ज्यांना काही म्हणायचंय पण लिहिता येत नाही, ते इथे काम टाकतात. तू बोली लावायची. काम मिळालं की लिहायचं, आवडलं की ते तारे देतात."

"तारे?"

"मावशी, शाळेत शेरा मिळायचा ना, तसंच."

बाईंना शेरा उत्तम मिळत गेला. त्यांनी गाद्यांवर सोळा लेख लिहिले, फरशी पुसायच्या द्रावणावर नऊ, दातांच्या दवाखान्यासाठी 'आमच्याविषयी' तर इतक्या वेळा लिहिलं की स्वतःच दातांच्या डॉक्टर असल्यासारखं वाटू लागलं. नवरा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, कंबर कायमची धरलेली. तो म्हणायचा, "अगं, ज्या गादीचं एवढं कौतुक करतेस ती एकदा घरी तरी आण." सकाळी नऊ ते अकरा खिडकीपाशी बसून लिहायचं आणि मग भाजी चिरायला घ्यायची, असा क्रम छान बसला होता.

अशातच ते काम आलं. 'मुलाच्या वतीने आईला पत्रं. आठवड्याला एक, शब्द तीनशे.' खात्यावर फोटो नव्हता. बाईंनी बोली लावली, काम मिळालं आणि मग त्या खात्यामागच्या मुलीने सगळं मोकळेपणाने सांगितलं. तिचं औषधांचं दुकान होतं. मोठा भाऊ जमिनीची मोजणी करायचा. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी टेप आणि पिशवी घेऊन बाहेर पडला तो परतलाच नाही. कचेरीत त्या दिवशी त्याची रजा लागलेली, म्हणजे कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो छापून झाला. आता आईची नजर पूर्ण गेली होती आणि ती रोज सकाळी एकच विचारायची, "काही कळलं का गं?" एक दिवस मुलीच्या तोंडून निघून गेलं, हो, पत्र आलंय. आता ते पत्र कुठून तरी आणायला हवं होतं.

'मला लिहिता येत नाही असं नाही,' तिने कळवलं होतं. 'पण माझे शब्द आई ओळखेल.'

बाईंना काम पटलं नाही आणि सोडवलंही नाही. पहिलं पत्र त्यांनी जपून लिहिलं. मी बरा आहे, दूर आहे, काम भरपूर आहे, तब्येतीला जप. मुलीने वाचून दाखवलं. आई ऐकून गप्प बसली, एवढंच तिने कळवलं.

दुसऱ्या पत्रात थोडा जीव ओतावा म्हणून बाईंनी मनानेच एक प्रसंग रचला. तू कपाटाला हिरवा रंग दिला होतास, मी ओल्या रंगावर हात टेकवला आणि तू रागावण्याऐवजी त्या पंजाशेजारी स्वतःचा पंजा उमटवलास.

तासाभरात निरोप आला. 'कपाटाचं तुम्हाला कुणी सांगितलं?'

बाईंनी लिहिलं, कुणी नाही, सुचलं ते लिहिलं. घरोघरी कपाटं असतात.

'दोन पंजे असलेली नसतात,' मुलीने उत्तर दिलं.

बाईंनी ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "लागला असेल एखादा बाण. लॉटरी नाही का लागत लोकांना?" बाई हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

तिसऱ्या पत्रात त्यांनी मुद्दाम काहीतरी अचाट टाकायचं ठरवलं, म्हणजे योगायोग असेल तर आपोआप उघडा पडेल. त्यांनी लिहिलं की मी साबणाच्या डबीत एक मेलेला भुंगा ठेवला होता, त्याला 'मास्तर' म्हणायचो आणि गणित अडलं की डबी कानाशी धरायचो. लिहून झाल्यावर सवयीने वरपासून वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीवर त्यांची नजर ठेचकाळली. 'इथे पाणि चांगलं आहे आणी हवाही.'

पाणि. आणी.

बाईंनी आयुष्यात कधी 'पाणी' ऱ्हस्व लिहिलं नव्हतं. चुकून बोट पडलं म्हणावं, तर एकाच ओळीत दोन्ही वेलांट्या उलट्या कशा पडतील? त्यांनी दुरुस्त केलं. पुढच्या परिच्छेदात पुन्हा 'आणी'. तेही दुरुस्त केलं. शेवटच्या ओळीत 'तूझा'. अक्षरं आपणच टाइप केली हे त्यांना आठवत होतं, पण तेव्हा ती चूक वाटली नव्हती. सरळ, रोजच्यासारखी वाटली होती.

एक 'पाणि' मात्र त्यांच्या नजरेतून निसटलं. बावीस वर्षांत निसटलेलं पहिलंच.

या वेळी मुलीचा निरोप लगेच आला नाही. दोन दिवसांनी आला तो असा होता: 'भुंग्याचं फक्त मला माहीत होतं. आईलाही नाही. आणि तो 'पाणी' नेहमी असंच लिहायचा, शाळेत छड्या खायचा त्यासाठी. तुम्ही त्याला ओळखता. तो तुमच्याकडे आहे का? खरं सांगा, मी कुणाला काही बोलणार नाही.'

बाईंनी ते तीनदा वाचलं आणि लॅपटॉप बंद करून त्यावर उशी ठेवली.

"उशी कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"राहू दे."

नवरा म्हणाला, "हे बघ, लिफ्ट मधेच अडकली की माणसं दार बडवायला लागतात. मी त्यांना बाहेरून एकच विचारायचो, कुठल्या मजल्यावर आहात? ते कळल्याशिवाय काही करता येत नाही. तू त्या पोरीला जाऊन भेट."

संकेतस्थळाचा नियम होता की काम देणाऱ्याला बाहेर भेटायचं नाही. बाईंनी मुलीकडून पत्ता घेतला आणि नियम मोडला.

दुकान गजबजलेल्या रस्त्यावर होतं. गल्ल्यामागे उभी असलेली मुलगी पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले. बाईंना पाहून तिचा चेहरा पडला. ती कुणा वेगळ्याच माणसाची वाट बघत असावी.

"तुम्हीच?"

"मीच. आणि तुझ्या भावाला मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या नवऱ्याची शपथ घेऊन सांगते."

मुलीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. स्टुलावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई तुम्हाला वर बोलावतेय."

"तिला काय सांगितलंस?"

"काहीच नाही. आज सकाळी तीच म्हणाली, पत्र लिहिणारा येईल तेव्हा वर पाठव."

वरच्या खोलीत खिडकीशी एक खाट होती, समोर हिरवं कपाट. कपाटाच्या दारावर खाली दोन पंजे, एक लहान, एक मोठा. बाईंनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. म्हातारी ताठ बसली होती. तिने हात पुढे केला, बाईंची बोटं चाचपली.

"बाई आहात होय! मला वाटलं एखादा पुरुष असेल."

"आजी, मला माफ करा. आम्ही तुम्हाला..."

"फसवत होतात, ते पहिल्याच पत्रात कळलं मला. माझा मुलगा 'तब्येतीला जप' म्हणणाऱ्यातला नव्हे. 'मरशील अशाने' म्हणायचा." म्हातारी किंचित हसली. "पण दुसऱ्या पत्रात तो होता. तिसऱ्यातही. माझी मुलगी वाचत होती, पण शब्द त्याचे होते. मी तुम्हाला विचारत नाही कसे ते. तुम्हाला तरी कुठे माहीत असणार?"

"मला भीती वाटते, आजी."

"मला नाही वाटत. सहा वर्षं भीतीच तर वाटत होती." तिने बाईंचा हात सोडला नाही. "इथे बसून एक पत्र लिहा. त्याला विचारा, कुठे आहेस."

मुलीने खालून लॅपटॉप आणला. भरदुपार होती, खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. बाईंनी 'आई' असं लिहिलं आणि थांबल्या. पुढे काय लिहायचं याचा विचार त्यांनी केला नाही, किंवा केला असेल तर नंतर तो आठवला नाही. बोटं चालत राहिली. पुऱ्या पाच ओळी झाल्या आणि बोटं जशी सुरू झाली तशीच थांबली.

मुलीने वाचलं.

'आई, इथे पाणि वरून येत नाही, बाजूने येतं. निळं पाणि आणी निळ्या भिंती. तूझा राग गेला असेल तर बरं. टेप सतरा मीटरवर अडकली आहे, सुटत नाही. झाकण कुजकं होतं, मी बघायला हवं होतं.'

मग मुलगी म्हणाली, "निळ्या भिंती. आई, रंगाचा कारखाना. नदीकडचा, बंद पडलेला. त्याच्या खाली सांडपाण्याचा बोगदा आहे."

"तो तिथे कशाला जाईल?" म्हातारीने विचारलं.

"रजा टाकून खाजगी मोजणी करायचा कधी कधी. तुला आवडायचं नाही, म्हणून कुठे जातो ते सांगायचा नाही. आदल्या दिवशी त्यावरूनच भांडलात ना तुम्ही?"

म्हातारीने मान डोलावली.

पोलिसांना काय सांगायचं हा प्रश्नच होता. मुलीने सांगितलं, त्याला तिकडे जाताना पाहिलेलं माणूस आता भेटलं. चौथ्या दिवशी अग्निशामक दलाची माणसं कारखान्याच्या मागच्या आवारात उतरली. गवताखाली लोखंडी झाकण होतं, गंजून मधोमध फाटलेलं. खाली रंगाने निळ्या पडलेल्या भिंती. टेपचं टोक झाकणाच्या कडेला अडकलं होतं आणि फीत ताणलेली, आत अंधारात गेलेली. एका जवानाने तिच्यावर विजेरी धरून आकडा वाचला, सतरा मीटर, आणि वर येऊन चूळ भरली. हाडं तिथेच होती, पिशवीसकट.

डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला मार लागला होता, फार वेळ गेला नसावा. म्हातारीने तेवढंच विचारलं होतं.

पोलीस निरीक्षकांनी बाईंना बोलावलं. बाईंनी सगळे निरोप, सगळी पत्रं, तारखांसकट समोर ठेवली. साहेबांनी ती सावकाश वाचली, दोनदा चहा मागवला, एकदाही प्यायला नाही.

"मी अहवालात 'खात्रीशीर माहीतीवरून' असं लिहितो," ते म्हणाले आणि कागदावर लिहून दाखवलं. "चालेल?"

"माहितीतली 'हि' ऱ्हस्व, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आपल्याला चूक दिसली याचंच त्यांना एवढं बरं वाटलं.

संकेतस्थळाने बाहेर भेटल्याबद्दल खातं महिनाभर बंद ठेवलं. त्या महिन्यात बाई तीनदा म्हातारीकडे जाऊन आल्या. म्हातारी आता रात्री झोपायची, सकाळी काही विचारायची नाही. बाईंना ती स्वतःच्या माहेरच्या गोष्टी सांगायची आणि मध्येच म्हणायची, "हे लिहू नका हं कुठे."

खातं उघडलं तेव्हा तिथे गाद्यांची दोन कामं होती आणि एक निराळं. एका गृहस्थाने लिहिलं होतं, 'औषधांच्या दुकानातल्या बाईंकडून तुमच्याविषयी कळलं. माझी मुलगी अकरा वर्षांपूर्वी घरातून गेली. मला तिच्याकडून एकच पत्र हवं आहे. शब्द कितीही.'

बाईंनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. "नको घेऊ," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसला.

बाईंनी 'बाबा' असं लिहिलं आणि हात तसेच ठेवले. खिडकीबाहेर शेजारचे कपडे वाळत होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एक अक्षर आलं नाही. त्यांनी स्वतःहून एक ओळ रचून पाहिली, ती गादीच्या लेखासारखी निघाली, एकही चूक नसलेली. ती खोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थांना खरं तेच कळवलं: माझ्याकडून होत नाही. मला काही ऐकू येत नाही. काम मी सोडते आहे, माफ करा.

उत्तर लगेच आलं, जणू तो माणूस तीन दिवस पडद्यासमोरच बसून होता.

'काही ऐकू येत नाही म्हणजे ती जिवंत आहे ना?'

नवऱ्याने ती ओळ वाचली आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी 'हो' लिहिलं, खोडलं. 'माहीत नाही' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी त्यांनी त्या माणसाला मुलीचं नाव विचारलं, ती काय शिकत होती, तिला काय आवडायचं ते विचारलं, आणि तो माणूस लिहू लागला. लांबलचक लिहीत गेला. बाई वाचत राहिल्या, आणि त्यात कितीतरी चुका होत्या, पण त्यांनी एकही दुरुस्त केली नाही.