झाकली मूठ

कारखान्यात मला सगळे पहिलवान म्हणतात. दरवाजाची अख्खी चौकट एकटा खांद्यावर घेतो, म्हणून. धाकट्या भावाचा पंजा मशीनच्या करवतीत सापडला, तेव्हा हा पहिलवान काय करत होता? लाकडाच्या भुशात डोळे पांढरे करून आडवा पडला होता.

शुद्धीवर आलो तर दोन सुतार माझे पाय वर धरून उभे, तिसरा तोंडावर पाणी मारतोय. भावाजवळ कोणीच नव्हतं. त्याने दातांनी ओढून स्वतःच हाताला टॉवेल गुंडाळला होता.

"दादा उठला का?" तो म्हणाला. "मग आता कोणीतरी मला दवाखान्यात न्या."

घरी आईला त्यानेच सांगितलं, "दादा मला धरायला धावला आणि भुशावरून घसरला." माझ्या कपाळावर टेंगूळ होतंच. आईने टेंगळाला बर्फ लावला, आणि त्या बर्फाचेच मला चटके बसले.

पुढे पंधरा दिवस आई येईल त्याला ऐकवत होती, "भाऊ असावा तर असा." मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

टाके काढायला भावाने मलाच बरोबर नेलं. दवाखान्याच्या दारातच मला घाम फुटला. तिथल्या सिस्टर जुन्याजाणत्या, त्यांनी बघताक्षणी ओळखलं.

"रक्त दिसलं की आधी छाती धडधडते, मग रक्तदाब एकदम खाली येतो," त्या म्हणाल्या. "डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. शरीराची खोड आहे ती, भित्रेपणा नाही."

"मग लाज का वाटते?"

"त्याचं औषध माझ्याकडे नाही. मुठी आवळा, मांड्या ताठ करा, तोंड गरम होईपर्यंत. मग जरा सैल सोडा, पुन्हा आवळा."

मी कोपऱ्यात मुठी आवळून उभा राहिलो. भाऊ म्हणाला, "दादा, डॉक्टरांना मारतोस की काय?" एकेक टाका निघाला आणि मी पडलो नाही. खरं सांगतो, थोडा फुशारलोसुद्धा.

मग डॉक्टर भावाला म्हणाले, "आता मूठ वळा बघू."

अंगठा आला, शेजारची दोन बोटं आली. शेवटची दोन तशीच ताठ राहिली. त्याने पुन्हा जोर लावला, मग हात खिशात घातला. माझ्या दोन्ही मुठी अजून घट्ट होत्या. त्या उघडायचीही मला लाज वाटली.

वाटेत मी विचारलं, "आईला खोटं का सांगितलंस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा. पहिलवान रक्त बघून पडतो म्हटल्यावर घरात तुला कोणी जगू दिलं असतं का?"

घरी मावशी आली होती आणि आईची तीच कथा रंगात आली होती. मी चप्पलही काढली नाही.

"आई, मी धावलो नाही. रक्त बघून जागच्या जागी पडलो. सगळे माझ्या तोंडावर पाणी मारत बसले, आणि हा एकटा रक्त गळत उभा होता."

मावशी चहाच्या कपात बघत राहिली. आईने भावाचा हात खिशातून काढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याला विचारलं, "मग तुला पाणी कोणी दिलं?"

"मिळालं की," तो हसत म्हणाला. "दादाच्या तोंडावर मारून उरलं होतं, ते."