नव्या बेटावर कुणीच नव्हतं

"मावशी, कन्सोलची मेमरी वाढवता येत नाही," दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला. "ती आतल्या बोर्डावरच जोडून येते. कंपनीनं दिली तेवढीच."

"पण मागच्या वर्षी तुम्हीच जागा वाढवायला एक डबी दिली होती की!"

"ती साठवायची जागा. ही खेळ चालवायची. कपाट मोठं केलं म्हणून टेबल मोठं होतं का?"

बाईंनी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे यांतलं काहीही विचारा.

"घरी कॉम्प्युटर आहे ना? त्यात बसवायला मेमरीची पट्टी देतो. खेळणार कोण, नातू?"

"मी," बाई म्हणाल्या आणि उगाच चष्मा पुसू लागल्या.

खरं कारण त्यांना सांगता आलं नसतं. आईला शेवटी दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, यावरून त्यांचं आणि धाकट्या भावाचं फाटलं होतं. बाईंनी घरी ठेवलं, आणि भाऊ पोचायच्या आत सगळं आटोपलं. "तू मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस," एवढं म्हणून तो गेला तो गेलाच. फोन नाही की निरोप नाही.

राहिली ती फक्त कन्सोल. चांगल्या दिवसांत दोघांनी हौसेनं एकेक घेतली होती. एका संध्याकाळी घर खायला उठलं म्हणून बाईंनी ती लावली, तर खेळातल्या बेटावर भाऊ उभा. बोलला नाही, पण होडी किनाऱ्याला लावून त्या चढेपर्यंत थांबला. तेव्हापासून रोज तसंच. तोंडं बंद, होडी चालू.

मग पडद्यावर सूचना झळकली. खेळाचा नवा भाग आलाय, समुद्र मोठा, बेटं जास्त, जुन्या कन्सोलला झेपणार नाही. पाठोपाठ दोन संध्याकाळी भाऊ फिरकला नाही. गेला वाटतं नव्या समुद्रात, बाईंनी ताडलं. लहानपणापासून तो पुढे पळणाराच.

दुकानातून आणलेली मेमरीची पहिली पट्टी आखूड निघाली, लॅपटॉपची. दुसरी खाचेत शिरली, पण कॉम्प्युटर नुसता कोकलायला लागला. बाईंनी दुकानात फोन केला.

"जोरात दाबा मावशी, मोडत नाही!"

"अहो, कवळी अशी दाबली तर दोन तुकडे होतील."

"ही कवळी नाही!"

त्यांनी डोळे मिटून अंगठे रोवले. खट् आवाज आला आणि पडदा उजळला.

नवा समुद्र बघून त्या हरखल्याच. पण बेटावर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आपण चुकीच्या दारानं आलो की काय? की तो आपल्याला बघून लपतोय? कॉम्प्युटरची बाजू उघडीच टाकून त्या खाली बसल्या आणि आणखी काही दाबायचं राहिलंय का ते शोधू लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. फोनवर भावाचं नाव होतं. छोट्या.

"ताई, बरी आहेस ना गं? चार दिवस दिसली नाहीस."

"मी? अरे, तूच आला नाहीस! मी इथं नव्या समुद्रात..."

"तापानं पडलो होतो. बरा होऊन आलो तर तू गायब. माझ्याकडे ती जुनीच कन्सोल आहे, मी कुठला नव्यात येतोय?"

"म्हणजे मी इकडे आले तुझ्यासाठी, आणि तू..." बाईंना हसावं की रडावं कळेना. "थांब, मी येते परत."

"राहू दे ते." तो म्हणाला. "ताई, त्या दिवशी आई काही बोलली होती का?"

उघड्या कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत होता.

"थांब रे, नीट ऐकू येत नाही," म्हणत बाईंनी कॉम्प्युटर बंद केला. समुद्र मालवला, पंखा फिरत फिरत थांबला. त्या तिथंच फरशीवर भिंतीला टेकल्या आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"त्या दिवशीचं सगळं सांगते, अगदी सकाळपासून," त्या म्हणाल्या.