भिकनचा हुंकारा

"बाबा, इथं बसता येणार नाही. तुम्ही खाली पहिल्या रांगेत बसा, तिथून छान दिसेल."

छातीवर बिल्ला लावलेली मुलगी तिसऱ्यांदा सांगत होती. भिकन व्यासपीठावर प्रांजलीच्या खुर्चीशेजारी खाली मांडी घालून बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

"मला बघायचं नाय काय बी," तो म्हणाला. "मला हुंकारा द्यायचाय."

"काय द्यायचंय?"

"हुंकारा. ही वाचणार, मी हूं म्हणणार."

मुलीनं प्रांजलीकडे पाहिलं. प्रांजली हातातल्या कागदांकडे पाहत म्हणाली, "ते बसतील इथंच. त्यांच्याबिगर मला वाचता येत नाही."

आता यात न समजण्यासारखं काय होतं, सांगा. पण छत्रपती संभाजीनगरच्या त्या गारेगार सभागृहात ते कुणाला समजत नव्हतं. कार्यक्रमाचे कर्तेधर्ते राजेंद्र सर लगबगीनं आले, भिकनच्या धोतराकडे आणि डोक्यावरच्या मळक्या टॉवेलकडे पाहून क्षणभर विचारात पडले, मग म्हणाले, "असू द्या, असू द्या. फोटोत चांगलं दिसेल." आणि गेले.

भिकनला फोटोशी काय देणंघेणं? देवगाव रंगारीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी भिल्लांची वस्ती आहे, तिथला तो. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला सुपात घालून शेजारणीला दिला आणि तिच्याकडून भीक मागून परत घेतला. त्यावरून नाव भिकन. पुढं आयुष्यभर दुसऱ्याच्या मक्याची राखण केली, रानडुकरं हाकलली, ऊस तोडला, वय झालं. गावात त्याला कुणी नावानं हाक मारली असेल तर ती "ए भिकन्या, तेवढी गोणी उचल" अशीच.

एकाच कामात मात्र त्याच्यावाचून वस्तीचं पान हलत नव्हतं. त्याची थोरली बहीण बानाबाई कहाणी सांगायची आणि भिकन हुंकारा द्यायचा. सांगणारीचं एक वाक्य झालं की याचा "हूं". ऐकणारे पन्नास असोत, हुंकारा एकाचाच. हा नुसता मान हलवण्याचा प्रकार नव्हे बरं का. सांगणारी चुकली, किंवा झोप आली म्हणून तिनं कहाणी आखूड करायला घेतली, तर हुंकारा थांबायचा. आणि हुंकारा थांबला की कहाणी थांबते, हा वस्तीचा कायदा. तिनं मागं जाऊन नीट सांगितल्याशिवाय पुढं सरकायचं नाही.

"मुडद्या, म्हण की हूं," बानाबाई खेकसायची.

"नाय म्हणत. म्हैस अजून पाण्यावरून आली नाय अन् तू धार काढाय बसली."

लोक हसायचे. बानाबाई शिव्या घालत म्हैस पाण्यावरून परत आणायची.

मागच्या हिवाळ्यात बानाबाई गेली. भिकनशी बोलायला वस्तीत माणसं होती, पण हूं म्हणावं असं काही कुणी बोलत नव्हतं. तो मक्याच्या माळ्यावर बसून राहायचा. जेवलास का विचारलं तर मान हलवायचा.

प्रांजली ही बानाबाईची नात. कन्नडच्या कॉलेजात शिकणारी, हट्टी. आजीच्या काही कहाण्या तिनं मोबाइलमध्ये भरून ठेवल्या होत्या, त्या ऐकून ऐकून कागदावर उतरवल्या. बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं त्याचा टेम्पो उभा राहायचा, तिथं फळी ठोकून तिनं पुस्तकं मांडली आणि वस्तीतल्या पोरांना बोलावलं. कॉलेजच्या वाचनालयात पाहिलं होतं तसं सांगितलं, "शांत बसायचं, मनातल्या मनात वाचायचं." पोरं दोन दिवस शांत बसली. तिसऱ्या दिवशी नदीवर गेली.

तिचा बाप अजिनाथ म्हणाला, "सांगितलं होतं तुला. आईनं जलमभर कहाण्या सांगितल्या, काय कमावलं? डोक्यावर पत्रा तरी माझ्या टेम्पोनं आला." अजिनाथ वाईट माणूस नव्हे. पण कहाणी सुरू झाली की त्याला नेमकं गाडीचं काहीतरी काम निघायचं. आईच्या कहाण्यांची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटते हे कबूल करायची त्याहून जास्त.

मग एका संध्याकाळी प्रांजली उरलेल्या एकुलत्या एका पोरीला मोठ्यानं वाचून दाखवत होती. भिकन शेडच्या दाराशी विडी ओढत उभा. वाक्य संपलं आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "हूं."

प्रांजलीनं मान वर केली. पुढचं वाक्य वाचलं.

"हूं. मंग?"

झालं. आठवड्याभरात त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. पोरं पाळीपाळीनं वाचायची आणि एकदा हुंकारा मिळाला की मध्येच पुस्तक टाकून उठणं शक्यच नसायचं. समोर माणूस "मंग?" म्हणून थांबलेला असताना उठणार कसं? बायका मागं येऊन बसू लागल्या. ज्या पोरानं अडखळत वाचलं त्यालाही भिकनचा हूं तितक्याच भारदस्तपणे मिळायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसानं वस्तीला वाचायला लावलं, असं प्रांजली म्हणायची. भिकन म्हणायचा, "म्या काय केलं? म्या गप बसलो नाय, यवढंच."

बानाबाईची डोंगराची कहाणी प्रांजलीनं शहरातल्या एका संस्थेच्या स्पर्धेला पाठवली. ती निवडली गेली. निवडलेल्या कथांचं पुस्तक निघणार होतं, आणि वस्तीच्या वाचनालयाला लोखंडी कपाट आणि कपाटभर पुस्तकं मिळणार होती. म्हणून आज अजिनाथच्या टेम्पोतून वस्ती इथं आली होती. टेम्पो मोठाच आणला होता, येताना कपाट घालायचं म्हणून.

"वाचा ताई," राजेंद्र सर माइकवरून म्हणाले.

प्रांजलीनं वाचायला घेतलं. "लई जुनी गोष्ट. डोंगरावर झेली नावाची भिलीण राहायची."

"हूं," भिकन म्हणाला. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"एक दिवस राजा आला. म्हणाला, हा डोंगर माझा. कागदावर माझं नाव आहे."

"हूं."

"झेली म्हणाली, तुझा असंल तर हाक मार. ओ देतो का बघ."

"हूं." आता हसू थांबलं होतं.

"राजानं हाका मारल्या. डोंगरा, डोंगरा म्हणून नरडं फोडलं. डोंगर गप. राजा म्हणाला, आता तू मार."

"हूं. मंग?"

प्रांजलीनं पान उलटलं. तिचा आवाज बारीक झाला. "झेलीनं हाक मारली. डोंगरानं ओ दिली. राजा प्रसन्न झाला. त्यानं डोंगर झेलीला बक्षीस दिला, आणि तिच्या लेकरांसाठी पायथ्याशी शाळा बांधली."

हुंकारा आला नाही.

सभागृहात नुसती एसीची घरघर. प्रांजलीनं वाक्य पुन्हा वाचलं. भिकन समोर पाहत होता, ओठ मिटून. तिनं कागद खाली ठेवला. राजेंद्र सर कडेनं हळूच म्हणाले, "वाचा ना, ताई. थोडंच राहिलंय."

"नाही वाचता येत, सर. हुंकारा थांबला."

"अहो, मग त्यांना सांगा की."

भिकन तिच्याकडे वळला. "हे बानाबाईचं नाय. कुणाचं हाय?"

प्रांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सरांनी फोन केला होता, आबा. म्हणले, शेवट उभारी देणारा करा, नाहीतर पुस्तकात बसणार नाही. कपाट जाईल म्हणून मी व्हय म्हणले. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

राजेंद्र सर पुढं आले. माणूस वाईट नव्हता, पण बरोबर काय ते आपल्यालाच कळतं असं ज्यांना वाटतं त्यांतला होता. "बाबा, कथेतून संदेश जायला हवा. मूळ शेवट फार निराश आहे हो. तुमच्याच मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून..."

"साहेब," भिकन म्हणाला, "राजानं डोंगर बक्षीस दिला म्हणता. ज्याचा नव्हताच त्यानं कसा काय दिला?"

पहिल्या रांगेत बसलेली वस्तीतली म्हातारी कडूबाई खालून म्हणाली, "भिकन, तूच सांग आता. सांगणारी ऱ्हायली नाय. अर्धी कहाणी टाकून कसं उठायचं?"

भिकननं जन्मात कधी कहाणी सांगितली नव्हती. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, माइक काही हातात घेतला नाही, आणि बसल्या जागेवरून बोलायला लागला.

"झेलीनं तोंड उघडलं अन् मिटलं."

कुणी हूं म्हणालं नाही. तो थांबला. प्रांजली खुर्चीवरून उतरली, त्याच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "हूं."

"कामून मिटलं? तिला डोंगराचं नाव ठाव होतं. पर तिनं हाक मारली तर राजाच्या कानावर पडंल. मंग उद्या तोबी त्याच नावानं हाक मारंल."

"हूं."

"राजाच्या शिपायांनी तिला दगडाला बांधली. पाणी तोडलं. म्हणले, नाव सांग. झेली गप."

"हूं."

"राजा कटाळला, कागद घिऊन गेला. डोंगर कागदावर त्याचा झाला. आजबी कागदावर दुसऱ्याचाच हाय, आमाला लाकूड तोडू देत न्हाईत. पर ओ डोंगरानं कुणाला दिली नाय. झेलीचा भाऊ आला तिला सोडवाय. ती वाचायची नव्हती. तिनं नाव भावाच्या कानात सांगितलं. भाऊ म्हणला, हूं. आन झेली गेली."

प्रांजलीला हूं म्हणता येईना. तिनं कसाबसा म्हटला.

भिकननं तिची मान जवळ ओढली, टॉवेलचा आडोसा धरला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. बानाबाई प्रत्येक वेळी कहाणी संपली की त्याच्या कानात सांगायची, तसं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर मनापासून वाजवल्या, ते खोटं कशाला बोला. टाळ्या थांबल्यावर राजेंद्र सर म्हणाले, "वा, बाबा, वा. हाच शेवट घेऊ आपण. फक्त ते नाव तेवढं सांगा, छापताना लागेल. वाचक विचारणार."

"नाव नाय छापायचं."

"अहो, कथा अपुरी राहील त्याशिवाय. परीक्षकांना मी काय सांगू?"

"सांगा, झेलीनं जीव दिला पर सांगितलं नाय," भिकन गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाला. "मी कपाटासाठी सांगू व्हय?"

कार्यक्रम पुढं चालू राहिला. कपाटावर गुलाबी रिबन बांधली होती, ते दुसऱ्या एका गावाला गेलं. कथा नियमात बसत नाही, असं प्रांजलीला जेवणाच्या वेळी सौम्य शब्दांत कळवण्यात आलं. ती "बरं" म्हणाली आणि जिलेबी न खाता उठली.

टेम्पो दौलताबादच्या घाटात आला. अजिनाथ म्हणाला, "मामा, यवढं मोठं कपाट गेलं. काय तरी ठोकून द्यायचं होतं नाव. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," भिकन म्हणाला.

"आन मला," प्रांजली म्हणाली. अजिनाथनं गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी तिनं बानाबाईची कहाणी नव्यानं लिहिली, शेवटासकट, जशी ऐकली तशी. झेरॉक्सच्या प्रती काढल्या, सुईदोऱ्यानं शिवल्या. नावाच्या जागी कोरी ओळ सोडली. ते नाव आजवर हुंकारा देणाऱ्यालाच मिळायचं. भिकन दोन दिवस माळ्यावर विचार करत बसला आणि खाली येऊन म्हणाला, "जो पहिल्यापासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाचंल, त्यानं कान घिऊन माझ्याकडं यावं."

वस्तीत नुसती झुंबड उडाली. चौथीतली पोरं आली, शाळा सोडलेली आली, नातवाकडून अक्षरं शिकून घेणारी कडूबाई आली, तिला महिना लागला. अर्ध्यात सोडणाऱ्याला भिकन परत पाठवायचा, मग तो पुढारी असो की पोर. नाव ज्यांना मिळालं त्यांच्यातल्या कुणीही ते बाहेर बोललं नाही. देवगावच्या बाजारात एकानं पोराला भेळ चारून विचारलं म्हणे. पोरानं भेळ खाल्ली.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी अजिनाथ टेम्पोच्या पायरीवर बसला होता. हातात ती शिवलेली कहाणी. सहावीत शाळा सुटल्यापासून त्यानं बिलाखेरीज काही वाचलं नव्हतं.

"मामा, बसा जरा," तो म्हणाला.

तो अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला. दर वाक्याला भिकन हूं म्हणत होता. झेलीला दगडाला बांधलं तिथं अजिनाथ बराच वेळ अडकला. अक्षर जड होतं म्हणून नव्हे. भिकन "मंग?" म्हणाला नाही, थांबला. वाचून झालं तेव्हा अजिनाथचा शर्ट घामानं भिजला होता. त्यानं कान पुढं केला आणि भिकननं नाव सांगितलं.

"आईला हे ठाव होतं?"

"तिनंच मला सांगितलं. दर खेपेला."

"मला कधी नाय सांगितलं."

"तू शेवटापर्यंत बसलाच नाय, बाबा. ती वाट बघायची."

शेडमागच्या, कहाणीतल्या त्याच डोंगराला सरकारी नकाशात नुसता नंबर आहे, गाववाले त्याला बोडका म्हणतात, आणि अजिनाथनं त्याच्या पायथ्यावरून हजारदा टेम्पो नेला होता. त्यानं मान वर करून डोंगराकडे पाहिलं, मग वाकून पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.