तळ्याच्या वाटेवरची पाटी

मी एक जुनी, पत्र्याची पाटी आहे. चौकातल्या लोखंडी खांबावर माझा मुक्काम असतो. माझ्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत 'तळ्याकडे' असे लिहिले आहे आणि शेजारी उजवीकडे बोट दाखवणारा एक हात काढला आहे. मित्रांनो, पाटीने खरे सांगावे, एवढीच तिच्याकडून लोकांची अपेक्षा असते. मी मात्र दिवसभर चौकात उभी राहून खोटे सांगते. मी दाखवते तिकडे आता तळे नाही, गाड्या उभ्या करायची फरसबंद जागा आहे. मला याची फार लाज वाटते. माणसाला लाज वाटली तर तो घरात तरी जाऊन बसतो, मला तीही सोय नाही.

माझा जन्म एका गळक्या टाकीतून झाला. पत्रेवाल्याने तिचा बरा भाग कापला, कडा ठोकल्या आणि मला सरळ केले. मग रंगारी आला. अक्षरे त्याने भराभर काढली, पण हात काही जमेना. पहिला प्रयत्न पाहून पत्रेवाला म्हणाला, "हा हात आहे की केळ्यांची फणी?" शेवटी रंगाऱ्याने बायकोला समोर उभे केले आणि तिचाच हात बघून काढला. म्हणून माझ्या मनगटात दोन बांगड्या आहेत. हा कुणाचा हात, असे पोरे विचारत आणि मोठी माणसे दर वेळी वेगळेच उत्तर ठोकून देत.

गंमत म्हणजे तळे मी स्वतः कधी पाहिले नाही. वाट पुढे जाऊन वळते आणि माझे तोंड रस्त्याकडे आहे. तळे मला कळले ते जाणाऱ्या-येणाऱ्यांवरून. पोरे कोरडी, उड्या मारत जात आणि दात वाजवत, चड्ड्या पिळत परत येत. धुणे घेऊन येणाऱ्या बायका ओली बादली माझ्या खांबाशी टेकवून दम खात. परगावचा माणूस मला वाचून, कुणालाही न विचारता वळे, तेव्हा माझी छाती फुगून येई.

या पोरांची म्होरकी होती आक्का. ती कुणाचीच सख्खी बहीण नव्हती, पण गल्लीतल्या सगळ्यांची आक्का होती. पोटाखाली हात धरून तिने एकेकाला पोहायला शिकवले. हात कधी काढून घेतला, हे ती पोराला कळूही देत नसे, असे पोरेच माझ्याखाली उभी राहून एकमेकांना सांगत. पुढे तिचे लग्न झाले आणि ती दूर गेली.

मग घरोघरी नळ आले. तळ्याकडे कुणी फिरकेना. पाणी हिरवे पडले, डास झाले. तेव्हा गल्लीतल्याच लोकांनी कचेरीत जाऊन हट्ट धरला की हे डबके एकदाचे बुजवा. त्यात पुढे होते तिघे, तिघेही आक्काच्या हातून पोहायला शिकलेले: सलूनवाले, घड्याळजी आणि शिलाईवाल्या काकू. परत येताना माझ्याखाली थांबून काकू ऐटीत म्हणाल्या, "असं ठणकावलं मी साहेबाला, की बघतच राहिला!" थोड्याच दिवसांत मातीचे ट्रक माझ्या शेजारून वळू लागले. ट्रकवाल्यांनाही वाट मीच दाखवली.

काम उरकल्यावर मला उतरवायला एक माणूस शिडी घेऊन आला. तेव्हा हेच तिघे धावत आले. "अहो, पाटी राहू द्या! आमचं सगळं लहानपण आहे त्यात," असे म्हणत सलूनवाले शिडीपुढे उभे राहिले. माणूस शिडी घेऊन निघून गेला.

तेव्हापासून माझे लाड सुरू झाले. तळे होते तोवर मला कुणी फडक्याने पुसलेही नव्हते, आता दर वर्षी नवा रंग मिळू लागला. रिकाम्या वेळी तिघे सलूनच्या पायरीवर बसत आणि आठवणी काढत. नवल असे की, बुजल्यावर तळे वर्षागणिक खोल होत गेले. घड्याळजींनी ते दोन पुरुष खोल होते म्हणावे, की सलूनवाले म्हणत, "दोन? चार म्हण!" काकू म्हणत, "आणि पाणी कसं, तळाचा खडा दिसायचा." मग गावाचे काय होते आणि काय झाले, यावर तिघेही हळहळत. "लोकांना कशाची किंमतच नाही," असे घड्याळजी हमखास म्हणत, आणि बाकीचे दोघे मान डोलावत.

एके दिवशी दुपारी बसमधून एक म्हातारी उतरली. हातात काठी, खांद्याला पिशवी. तिने मान वर करून मला वाचले आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, पाटी अजून तशीच! आणि कशी ताजी ठेवलीय!"

पायरीवरच्या तिघांनी तिला ओळखले. "आक्का!" म्हणत तिघेही उठले. तिने एकेकाचा गाल चाचपला. सलूनवाल्यांना म्हणाली, "गोट्या ना तू? धंदा केस कापायचा आणि स्वतःच्या डोक्यावर एक नाही!" घड्याळजी म्हणजे बोंबल्या, कारण पाण्यात पाय टाकताच तो बोंब ठोकायचा. काकू म्हणजे चिमणी. सगळे पोटभर हसले. मग आक्का म्हणाली, "बरं, पाणी आहे ना रे अजून? एकदा पाय बुडवायला आलेय. हे गुडघे मला पुन्हा इतक्या लांब आणायचे नाहीत. टॉवेलसुद्धा आणलाय बघ."

घड्याळजी भिंग पुसू लागले. सलूनवाल्यांना दुकानात काहीतरी आठवले. काकू पदराची गाठ सोडू-बांधू लागल्या.

"तोंडं शिवलीत का रे?" आक्का हसली. "राहू दे. पाटी सांगतेय की."

आणि मी दाखवत होते तिकडे ती वळली. काकू दोन पावले पुढे होऊन म्हणाल्या, "आक्का, ऊन फार आहे गं."

"पाण्यापाशी कसलं ऊन!" असे म्हणत ती काठी टेकत गेली. मित्रांनो, त्या क्षणी माझे बोल्ट निखळावेत आणि मी रस्त्यात पडावे असे मला वाटले. पण बोल्ट पक्के होते, त्यांच्यावरही दर वर्षी रंग बसला होता.

ती बऱ्याच वेळाने परतली. माझ्या खांबाला धरून उभी राहिली.

"कुणी बुजवलं?"

"कचेरीतल्या लोकांनी," घड्याळजी म्हणाले. "आपलं कोण ऐकतंय?"

"मेले ते कंत्राटदार..." सलूनवाल्यांनी सुरू केले.

"आम्ही," काकू म्हणाल्या. "आम्हीच, आक्का. सगळ्यांत पुढे मीच होते. तुला सांगायची लाज वाटली गं."

आक्का त्यांच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "आणि मला तिथे एकटीला उभं करायची नाही वाटली?"

काकूंनी पाणी आणून दिले, ते तिने घेतले. पुढच्या बसने ती गेली.

दुसऱ्या दिवशी सलूनवाले शिडी आणि पाना घेऊन आले. काकूंनी खालून शिडी घट्ट धरली.

"काढायची नाही."

"अगं, शोभा होतेय आपली!"

"होऊ दे. पाटी काढलीस तर तळ्याकडे कुणी वळणार नाही, आणि मग मला सांगावंही लागणार नाही."

त्या दिवसापासून काकूंचे मशीन दाराशी आले आहे. कुणी मला वाचून वळू लागला की मशीन थांबते आणि काकू बाहेर येतात. "तळ्याकडे निघालात? तिथे पाणी नाही. आम्हीच बुजवलं." कुणी 'असू द्या' म्हणते, कुणी हसते, कुणी वेड्यात काढते. दर वेळी काकूंचा चेहरा उतरतो, आणि तरी पुढच्या माणसासाठी त्या पुन्हा उठतात. मला आता कुणी रंग देत नाही. बांगड्या पुसट झाल्या, अक्षरांचे पोपडे निघाले. त्याचे मला बरेच वाटते.

मित्रांनो, तुमच्या गावात अजून एखादे तळे, मैदान, एखादी सावलीची जागा उरली असेल, तर तिच्या आठवणी काढत बसू नका. उठा आणि तिथे जा, तिची निगा राखा. आणि कधी हातून चूक झालीच, तर लाजेपायी गप्प राहून कुणा थकलेल्या माणसाला उन्हात चालायला लावू नका. ते काम मी करते आहे, आणि माझ्यासारखे जगण्यात काही सुख नाही.