नाचणारी टर्की

रेफूहियोच्या डोळ्यांबद्दल घरात बोलायला बंदी होती. बंदी त्यानंच घातलेली. पण बायको एदुविहेस ती पाळेल तर ना! "परवा ह्यानं कुत्र्याला जावई समजून आत बोलावलं," असं ती चारचौघांत सांगायची. शेवटी वैतागून त्यानं गावासमोर शब्द दिला, की यंदाच्या नेमबाजीच्या सामन्यात टर्की पाडल्या नाहीत तर बंदूक जावयाच्या हवाली. बंदूक त्याच्या बापाची, आणि त्याचा जीव की प्राण.

काबोर्का गावाबाहेरच्या माळावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. लोखंडी प्राणी रांगेनं उभे होते. आधी कोंबड्या, मागे डुकरं, त्याहून लांब टर्की. उभ्यानं, कशालाही न टेकता एकेक पाडायचा. जवळच्या कोंबड्या रेफूहियोनं पटापट लोळवल्या, डुकरं कशीबशी पडली. मग थोडी विश्रांती झाली, आणि टर्कींची पाळी आली.

बंदुकीवरच्या दुर्बिणीतून त्यानं पाहिलं. समोर तपकिरी काहीतरी कंबर हलवत होतं. पहिली गोळी मातीत गेली. दुसरी कुठं गेली ते देवाला ठाऊक.

"काय रे रेफूहियो, तिकडं बँड लावलाय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यानं बंदूक जावयाच्या, एवारिस्तोच्या, हातात दिली. एवारिस्तोनं डोळा लावला.

"अहो सासरेबुवा, ही मलाही नाचताना दिसतेय!"

एवारिस्तो थोडा डावीकडे सरकला, तर टर्की गप्प उभी. परत जागेवर आला, तर पुन्हा ठुमके सुरू. मग त्यानं खाली पाहिलं. बंदुकीच्या नळीखाली, अगदी पायापाशी, अर्ध्या पिंपात मेस्कीटच्या लाकडाचे निखारे रसरसत होते. धुराचं नाव नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मीच ठेवलं ते, विश्रांतीत," एदुविहेस ओशाळून म्हणाली. "म्हटलं, हा खेळून झाला की मांसाचा पहिला गरम तुकडा ह्यालाच."

रेफूहियोला एकदम दहा हत्तींचं बळ आलं. "ऐका! निखाऱ्यावरची हवा तापते, विरळ होते आणि वर पळते. तिच्या जागी गार हवा घुसते. ह्या धक्काबुक्कीतून येताना उजेड कधी इकडं वाकतो, कधी तिकडं. टर्की कसली नाचते, हवा नाचते! माझे डोळे ठणठणीत आहेत!"

पंचांनी हसत हसत पुन्हा खेळायला परवानगी दिली. एदुविहेसनं पिंप ओढत मागे नेलं आणि वर जाळी टाकून मांस भाजायला ठेवलं. रेफूहियोनं बंदूक उचलली, छाती फुगवली, डोळा लावला.

आता काही नाचत नव्हतं. तपकिरी डाग अगदी स्थिर होता. त्याच्या शेजारीही एक डाग होता. त्यातला टर्कीचा कुठला आणि झुडपाचा कुठला, ते काही केल्या कळेना. तो बघत राहिला.

त्यानं बंदूक खाली केली आणि हळूच बायकोला हाक मारली.

"म्हातारे, ती शेगडी परत इथं आण ना."

एदुविहेसनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"चल म्हाताऱ्या, मांस करपेल," ती म्हणाली आणि त्याचा दंड धरला.

जाता जाता त्यानं बंदूक एवारिस्तोला दिली. "जरा गरम झालीय. सांभाळून," एवढंच म्हणाला.

ती दोघं निखाऱ्यांपाशी पोचली तोच गोळी सुटली आणि लांबून ठण्ण आवाज आला.

"पडली," एदुविहेस म्हणाली. त्यानं विचारलंही नव्हतं.

"दिसलं मला," रेफूहियो म्हणाला. मग मोठ्या रुबाबात त्यानं चिमटा उचलला, जाळीवरचा एक तुकडा नीट पकडून उलटा केला आणि वर मीठ भुरभुरवलं.

ते तिचं हात पुसायचं फडकं होतं. एका कोपऱ्यानं ते पेटलंही होतं. एदुविहेसनं ते गुपचूप उचललं, वाळूत विझवलं, आणि जन्मात पहिल्यांदा बंदी पाळली.