विसरलेली वायर

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरील खोलीत, दोन परीक्षकांसमोर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना, मी माझ्या सर्वांत जुन्या मित्रावर खोटा आरोप केला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होते आणि बोलताना मी परीक्षकांच्या डोळ्यांत न पाहता त्या घड्याळाकडे पाहत होतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. एकवीस वर्षे ज्या कंपनीत काढली ती गेल्या वर्षी बंद पडली, आणि तेव्हापासून आठ महिने मी घरी होतो. या आठ महिन्यांत घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालून झाले होते. बायको कधी एका शब्दाने बोलली नाही. उलट कामावर निघताना ती माझा चहा झाकून ठेवी, आणि ते झाकण पाहिले की मला मेल्याहून मेल्यासारखे होई. सुरक्षा पर्यवेक्षकाची ही जागा मला किती हवी होती हे यावरून समजावे. गरज हे स्पष्टीकरण असते, समर्थन नव्हे, हा भेद मला तेव्हाही ठाऊक होता.

आता त्या वायरविषयी. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला विजेचे कुलूप असते. दार नीट लागल्याखेरीज लिफ्ट हलत नाही. बिघाड शोधताना मात्र दार उघडे ठेवून लिफ्ट हलवावी लागते, म्हणून आम्ही त्या कुलपाला एक लाल वायर जोडून दार लागले आहे असे यंत्राला भासवतो. प्रत्येक मेकॅनिककडे अशा दोनच वायरी असतात, त्यांवर त्याचा क्रमांक ठोकलेला पितळी बिल्ला असतो, आणि काम संपल्यावर त्या दोन्ही जोडीदाराला हातात धरून दाखवल्याशिवाय नोंदवहीत सही करायची नाही असा नियम आहे. वायर जागेवर राहिली तर दार उघडे असतानाही लिफ्ट चालते. पुढचे सांगायला नको.

बारा वर्षांपूर्वी एका सात मजली इमारतीत ती वायर मी विसरलो. जोडीदाराने "दाखव" म्हटले तेव्हा मी कमरेच्या पिशवीवर नुसती थाप मारली आणि सही केली. तो जोडीदार म्हणजे आमचा शिडी. उंचीमुळे हे नाव त्याला प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात चिकटले. संध्याकाळी माझ्या पिशवीत एकच वायर पाहून तो उठला, एकटा परत गेला आणि वायर काढून आला. कोणाला इजा झाली नव्हती. पण नोंद करणे भाग होते, आणि त्या वर्षी मला एक ताकीदपत्र आधीच मिळालेले होते; दुसऱ्याने नोकरी गेली असती. शिडीने नोंदवहीत लिहिले की वायर त्याची होती. ताकीदही त्यानेच घेतली.

मुलाखतीत मुख्य अभियंता बाईंनी विचारले, "सहकाऱ्याची गंभीर चूक तुम्ही स्वतः सुधारली, असा एखादा प्रसंग सांगा." बाई साठीच्या आसपासच्या, केस बारीक कापलेले, हातात पेन्सिल. मी एकवीस वर्षांतले दहा प्रसंग सांगू शकलो असतो. तोंडातून निघाला तो हा, आणि उलटा. वायर शिडीची, परत जाणारा मी. इतकेच नव्हे, अंधाऱ्या जिन्याने सहा मजले चढून गेल्याचे वर्णनही मी केले. ते मला शिडीनेच सांगितलेले होते.

"जोडीदाराचं नाव?"

मी सांगितले. कागदोपत्री तसेच आहे, असे मनाशी म्हणत सांगितले. बाईंनी ते लिहून घेतले आणि त्याखाली रेघ ओढली.

"वायर विसरणाऱ्याला मी नंतर मेकॅनिक म्हणूनसुद्धा ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही कळवू."

एक वाजता कार्यालयामागच्या उपाहारगृहात मित्रांना भेटायचे आधीच ठरलेले होते. आमच्या तुकडीतले तिघेच अजून एकमेकांना धरून आहोत. तिसरा बोका; यंत्रखोलीत उबदार मोटारीशेजारी झोपा काढण्याबद्दल हे नाव मिळवलेला, आता शाळेची बस चालवतो.

"या वकीलसाहेब!" बोक्याने हाक मारली. मी वाद घालतो म्हणून मी वकील. "जिंकली का केस? की पुढची तारीख?"

"कळवतो म्हणाले."

"म्हणजे पुढची तारीख. अरे, आमच्या ह्यांना ओवाळ जरा. इस्त्री बघ. कडेनं हात कापेल."

शिडी पांढरा सदरा घालून, मांडीवर फाइल ठेवून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखे हसू होते.

"तुला बोललो नव्हतो," तो म्हणाला. "माझीही मुलाखत आहे. तिथंच, तीन वाजता. तुझी जागा नाही रे, घाबरू नको. नवीन पोरांना शिकवायला प्रशिक्षक हवाय त्यांना. गुडघे गेले माझे, शाफ्टमध्ये उतरवत नाही आता. तुझी वहिनी म्हणाली, हे जमलं तर देवच पावला."

मी हातातला टोस्ट बशीत ठेवला.

"काय काय विचारतात?" त्याने उत्साहाने विचारले. "सांग की. तुझं झालंय ना!"

मी सांगितले. केबल कधी बदलावी, ब्रेकची चाचणी कशी घ्यावी, सगळे क्रमाने आणि तपशिलाने सांगितले. एवढी एक गोष्ट वगळून.

"आणि ती बाई कशी आहे?"

"कडक."

"कडक म्हणजे चहासारखी की सासूसारखी?" बोका म्हणाला. शिडी इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिले.

तेव्हा बोलायला हवे होते. पावणेदोन वाजले होते. सवा तास हातात होता. शिडीला आधी कळले असते तर त्याने काय करायचे ते त्याचे त्याने ठरवले असते. हा हिशेब तिथे बसूनच माझ्या डोक्यात झाला होता. मी त्याला कॉलर नीट करायला सांगितली. अडीचला तो उठला, खांद्यावर थाप मारून म्हणाला, "दोघांचं झालं ना लेका, तर रोज डबा एकत्र," आणि गेला.

तो दाराबाहेर पडताच मी सगळे बोक्याला सांगितले. बोक्याचे हसणे हळूहळू विझत गेले.

"आणि तू इथं बसून टोस्ट खातोयस?"

"नोंदवहीत तसंच आहे, बोक्या. त्याच्याच अक्षरात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या—"

"तुझी वकिली चुलीत घाल. त्यानं तुझी नोकरी वाचवली आणि तू त्याची खातोयस. ऊठ!"

मी उठलो, पण थेट गेलो नाही. हात धुतले. मग पुन्हा धुतले. कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा तीन वाजून बारा मिनिटे झाली होती. दार वाजवून मी आत शिरलो. शिडी सकाळच्या माझ्याच खुर्चीवर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहून अगदी बारीक मान हलवली: नको.

"ती वायर माझी होती," मी म्हणालो. "काढायला हा गेला होता. सकाळी मी खोटं बोललो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे तर आत्ताच म्हणाले की वायर यांची होती आणि तुम्ही काढलीत. जिन्यात दिवे नव्हते, हेसुद्धा सांगितलं यांनी."

म्हणजे बाईंनी विचारताच, माझे सकाळचे बोलणे काय असेल ते त्याने ओळखले होते, आणि क्षणभरही न थांबता ते स्वतःच्या डोक्यावर घेतले होते. दुसऱ्यांदा. मला त्याच्याकडे पाहवेना. मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिलो. तिथला एक कोपरा झिजून आतले लाकूड दिसत होते.

"वायर कोणाची?" बाईंनी शिडीला विचारले.

"नोंद माझ्या अक्षरात आहे, बाई."

"अक्षर कोणाचं ते मी विचारत नाहीये."

त्याने मांडीवरची फाइल सरळ केली. मग शिडी म्हणाला, "त्याची." आणि घाईने पुढे म्हणाला, "पण त्याचं घर चालायचं होतं. पोरगी तान्ही होती त्याची."

दुसऱ्या परीक्षकाने खाली मान घातली. बाईंनी मात्र फाइल मिटली आणि आधी त्याच्याकडे वळल्या.

"परत जाऊन वायर काढलीत, ते बरोबर केलंत. नोंद खोटी लिहिलीत, आणि आज माझ्यासमोर पुन्हा तेच केलंत. खोटी नोंद करणारा माणूस मी नव्या मुलांना शिकवायला ठेवू शकत नाही. मेकॅनिकची एक जागा आहे. गुडघे चालत असतील तर सोमवारी या."

"येतो," शिडी म्हणाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"तुमच्यासाठी इथे काम नाही."